गिट्टी घेण्याआधी व्हिनेगर

राजुरा, कोरपना, जिवती हा पट्टा चुनखडीचा. गडचांदूर, आवारपूरला सिमेंटचे कारखाने उभे राहिले ते याच दगडाच्या भरवशावर. गच्चीवर मातीविना भाजी लावणाऱ्याने हे आधी ध्यानात घ्यावं, कारण इथे फुकट मिळणाऱ्या गिट्टीत चुनखडी असायचीच शक्यता फार.

आमच्या गच्चीवरचा पालक आणि सांबार (कोथिंबीर) अशाच गिट्टीत होता. सुरुवातीला जोमात वाढला. मग शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. जो येईल तो म्हणे, खत कमी पडतंय. खत वाढवलं तर पानांच्या कडा करपल्या. दगडातला चुना पाण्यात उतरून पीएच ८ च्या घरात गेला होता. अशा पाण्यात लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. नत्र कमी असलं की खालची जुनी पानं आधी पिवळी पडतात, लोह मिळेनासं झालं की शेंड्याची. एवढं पाहिल्याशिवाय खताची पुडी फोडू नये.

गिट्टीची परीक्षा सोपी आहे. कोरडा दगड खरवडून त्या भुकटीवर व्हिनेगरचे थेंब टाका. फसफसलं तर तो दगड नको. फसफसलं नाही तरी दोन डबे घ्या. दोन्हींत एकच खतपाणी भरून पीएच ६ वर आणा, एकात धुतलेली गिट्टी टाका, दुसरा तसाच ठेवा. दोन दिवसांनी मोजा. आपलं बोअरचं पाणीही जड असतं, म्हणून दुसरा डबा हवाच. नाहीतर दोष पाण्याचा की दगडाचा, कळत नाही. पालेभाज्यांना पीएच ५.५ ते ६.५ मानवतो.

गिट्टीऐवजी भट्टीच्या पक्क्या लाल विटेचे तुकडे चालतात. राखेच्या विटा घेऊ नका, त्यांत सिमेंट किंवा चुना असतो. औष्णिक केंद्राची राख तर खाण्याच्या भाजीजवळही नको. भातगिरणीचं तूस स्वस्त पडतं, पण उकड्या तांदळाच्या गिरणीतलं घ्या. कच्च्या तुसातले राहिलेले दाणे उगवून येतात.

विकतच्यात दोन वस्तू कामाच्या: भाजलेल्या मातीच्या गोळ्या आणि कोकोपीट. गोळ्यांत हवा भरपूर खेळते, धुऊन पुन्हा वापरता येतात, पण पाणी फार धरत नाहीत. पारा ४५ च्या पुढे असताना भरदुपारी वीज गेली आणि पंप थांबला, तर रोपं लवकर माना टाकतात. इन्व्हर्टर नसेल तर कोकोपीट बरं, ते ओल धरून ठेवतं. मात्र नारळाच्या काथ्यात मीठ असतं. पाणी बदलून दोन-तीनदा धुवा, मग कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर भिजवून निथळा. पावसाळ्यात नुसतं कोकोपीट चिकचिक धरतं आणि मुळं कुजतात, तेव्हा त्यात निम्मं परलाईट किंवा गोळ्या मिसळा.

काहीही निवडा, आधी एकाच कुंडीत पालक लावून पाहा. दुसरं-तिसरं पान हिरवंगार आलं की मगच बाकीच्या कुंड्या भरा.