घरकामाचा व्यायाम आणि हुरड्याचा हिशोब

"घरात दिवसभर राबतेच की, मला वेगळा व्यायाम कशाला?" माळशिरस तालुक्यातल्या कुठल्याही दवाखान्यात हा प्रश्न रोजचा आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कारण तो अर्धा बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते, आणि 2020 पासून ती सलग दहा मिनिटं तरी असावी ही अटही तिने काढून टाकली आहे. म्हणजे अंगण झाडणं, गोधड्या धुणं, भरलेली कळशी घेऊन जिना चढणं हे सगळं हिशोबात धरता येतं. कसोटी सोपी आहे. काम करताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतका श्वास वाढला, तर तो व्यायाम. भाजी निवडताना, ओट्यापाशी उभं राहून भाकऱ्या थापताना, भांडी घासताना श्वास एवढा वाढत नाही. पाय मात्र भरून येतात, कंबर धरते, आणि त्या थकव्यालाच आपण व्यायाम समजून बसतो. जातं गेलं, उखळ गेलं, बऱ्याच घरांत आडाचं पाणी नळाला आलं. गेलं ते बरंच झालं, पण जाताना घरकामातला दम लावणारा भागही घेऊन गेलं. उरलं ते उभं राहणं आणि वाकणं. उत्तर आयर्लंडमध्ये साडेचार हजारांवर प्रौढांचा अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. लोकांनी सांगितलेल्या एकूण श्रमांपैकी सुमारे 36 टक्के श्रम घरकामाचे होते, आणि घरकामाचे तास जास्त सांगणारे उलट जास्त वजनाचे निघाले. यावरून घरकामाने वजन वाढतं असं मुळीच सिद्ध होत नाही. आपण त्याचं मोल अंदाजाने जास्त धरतो, एवढी शंका मात्र घेता येते.

मग सरळ सांगावं का, की बाई, रोज अर्धा तास चाला? इथेच आम्हा डॉक्टरांचा सल्ला लंगडा पडतो. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष 88. जवळपास पाच तास ओट्याशी आणि मोरीशी गेल्यावर, त्यावर शेतातली खुरपणी किंवा नोकरी असल्यावर, अर्धा तास यायचा कुठून? 2022 च्या स्थितीवरून केलेल्या जागतिक अंदाजात भारतातल्या 57 टक्के स्त्रिया आणि 42 टक्के पुरुष पुरेशी हालचाल न करणारे ठरले. ज्यांच्या वाट्याला काम जास्त, त्यांच्याच वाट्याला व्यायाम कमी, हे कोडं आळसाने सुटत नाही, वेळेने सुटतं. म्हणून माझं म्हणणं असं की तिच्या चालण्याची चिठ्ठी घरातल्या इतरांच्या नावे लिहावी. संध्याकाळची भांडी मुलाने, अंगण आणि पाणी भरणं नवऱ्याने. झाडणं, पाण्याच्या बादल्या उचलणं ही दम लावणारी कामं बैठ्या पुरुषाने घेतली तर त्याचीही मिनिटं भरतात. औषधाच्या एकाच पुडीत दोन रोगी.

यावर ऐकू येणारे आक्षेप खरे आहेत. "आम्ही शेतात मरमर काम करतो" असं म्हणणाऱ्याने आधी स्वतःचं काम तपासावं. ऊस तोडणाऱ्याला चालण्याचा सल्ला देणं म्हणजे थट्टाच, त्याला विश्रांती आणि पोटभर अन्न हवं. पण मोटर चालू करून बांधावर बसणारा आणि ट्रॅक्टर चालवणारा वेगळा. लंडनच्या बसमध्ये जिना चढणाऱ्या कंडक्टरांपेक्षा बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त होतो, हे जेरी मॉरिस यांनी 1953 मध्येच दाखवलं. दुसरा आक्षेप रस्त्याचा. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांच्या बाजूने पहाटे अंधारात चालणं धोक्याचंच, आणि एकटीने निघालं तर चार डोळे वळतात तेही खोटं नाही. शाळेचं मैदान, देवळाचं आवार, नाहीतर घरची गच्ची पुरते. तेही नसेल तर खुर्चीतून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठा-बसा. स्नायूंचा व्यायाम आठवड्यातून दोनदा हवाच, आणि घरकाम तो पुरेसा देत नाही. आषाढी वारीत माउलींची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर करत जाते, तेव्हा साठी उलटलेल्या बायका दिवसाला कोसन् कोस चालतात. तेव्हा पायांत बळ नाही हे कारण फारसं टिकत नाही. पण वर्षातले अठरा-वीस दिवस उरलेल्या वर्षाची भरपाई करत नाहीत.

आता हुरड्याचं. थंडीत रानात आगटी पेटली, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं भाजली, हातावर चोळून गरम हुरडा पुढे आला, सोबत शेंगाचटणी, दही, गूळ. अशा वेळी "मला डॉक्टरांनी नको सांगितलंय" म्हणून कोपऱ्यात बसणाऱ्याची मला कीव येते. मैत्री ही आरोग्याच्या खात्यातली जमा आहे. 2010 मध्ये 148 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा घट्ट नातेसंबंध असलेल्यांची जगण्याची शक्यता 50 टक्क्यांनी जास्त आढळली. पण खाल्लेलं चालून फेडता येतं हा भ्रमही नको. साठ किलोच्या माणसाने अर्धा तास झपझप चाललं तर साधारण सव्वाशे कॅलरी खर्च होतात, आणि मूठभर शेंगदाण्यांत त्याहून जास्त असतात. व्यायाम म्हणजे खाण्याचा दंड नव्हे. त्याचं काम वेगळं आहे, साखर, रक्तदाब आणि हृदय सांभाळायचं. तेव्हा हिशोब दिवसाचा न ठेवता आठवड्याचा ठेवा. हुरड्याचा एक दिवस मनमोकळा, बाकीच्या दिवसांत ताट आवरतं. जेवल्याबरोबर सतरंजीवर आडवं न होता सगळ्यांनीच पंधरा मिनिटं बांधाने फिरून या, जेवणानंतरची साखर कमी चढते. आणि आगटीपाशी धूर खात भाजणारी, वाढणारी, शेवटी गार झालेलं खाणारी कोण, हेही एकदा पाहा. त्या दिवशी तिच्या मैत्रिणींशी गप्पा झाल्या नाहीत, तर ती सहल तिच्यापुरती कामाची आणखी एक पाळीच.

चालायला लागण्याआधी थोडी काळजी. इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी चालू नये, खिशात खडीसाखर ठेवावी. चालताना छातीत दाटून आलं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली तर थांबून त्वरित दवाखाना गाठावा. आणि थोडं चाललं तरी धाप लागणाऱ्या बाईला कोणी "सवय नाही म्हणून" असं म्हणून सोडू नये. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांचं रक्त कमी आढळलं होतं. आधी हिमोग्लोबिन तपासा. ते कमी निघालं तर प्रथम लोहाच्या गोळ्या आणि आहार, चालण्याचा वेग त्यानंतर वाढवायचा.