विज्ञानस्पर्धा आणि प्रयोगशाळेची किल्ली

मुरुडच्या धोंडो केशव कर्वे यांनी परीक्षेसाठी पायी सातारा गाठले. वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना बसूच दिले नाही. आज परीक्षाकेंद्र जवळ आले, तरी विज्ञानस्पर्धेत खेड्यातील मूल मागे का राहते?

१९८१ पासून चालणाऱ्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत लेखी परीक्षा शिकवणीच्या बळावर निभावते. पुढे प्रात्यक्षिक, प्रकल्प व मुलाखत असते. ज्याने सूक्ष्मदर्शक केवळ चित्रात पाहिला, तो तेथे अडतो. शहरी खाजगी शाळांचा वरचष्मा आम्हांस बुद्धीपेक्षा हाताच्या सवयीचा वाटतो. १९८६ च्या धोरणातून निघालेल्या नवोदय विद्यालयांत किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना, निवास-भोजन विनामूल्य. परंतु जिल्ह्यास विद्यालय बहुधा एकच आणि सहावीच्या जागा फार तर ८०.

उरलेली मुले आपल्यासारख्या शाळांत येतात. केंद्राच्या इन्स्पायर-मानक योजनेत शाळेला पाच कल्पना पाठविता येतात. निवड झाल्यास विद्यार्थ्याच्या खात्यात १०,००० रुपये जमा होतात. शिवाय आपली मुले संध्याकाळीही येथेच असतात, ही सवलत शहरातील शाळांना नाही. तो एक तास प्रयोगशाळेचे कुलूप उघडावे, आणि माजी विद्यार्थ्यांनी भिंतीवरच्या घड्याळाऐवजी एखादा सूक्ष्मदर्शक भेट द्यावा.