बत्तीस वर्षांचा कोच आणि आपली पशुसखी



मागच्या मासिक बैठकीत पशुसखीची निवड पुढे ढकलावी लागली. अर्ज तीन होते, पण एकीच्या नावावर गाडी अडली. "पोरगी हुशार आहे, पण वयानं लहान. जन्मभर शेळ्या पाळलेल्या बायांना ती काय सांगणार?" मी एम.एस.डब्ल्यू. करून इथे नवीन आले तेव्हा माझ्याबद्दलही असंच बोललं गेलं होतं, म्हणून त्या दिवशी मी गप्प बसले. आज एक लांबचं उदाहरण सांगते. दक्षिण आफ्रिकेचं, आणि तेही रग्बी खेळाचं.

रग्बी आपल्याकडे फारसं कोणी बघत नाही. एका बाजूला पंधरा खेळाडू, अंड्याच्या आकाराचा चेंडू, तो हातात घेऊन पळायचं. समोरचे कबड्डीसारखी पकड करून पाडतात. हातानं चेंडू पुढे फेकायचा नाही, बाजूला किंवा मागेच द्यायचा. सामना ८० मिनिटांचा. देशाच्या संघाला एक कोच पुरत नाही. मुख्य कोचच्या हाताखाली कोणी चढाई बघतं, कोणी बचाव. एकेका कामाचा एकेक जाणकार.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये, जपानमधला विश्वचषक महिन्याभरावर आलेला असताना, दक्षिण आफ्रिकेचे चढाईचे सल्लागार स्विस डी ब्रुइन वैयक्तिक कारणानं बाजूला झाले. मुख्य कोच रासी इरॅस्मस यांनी बोलावलं फेलिक्स जोन्सला. वय ३२. देशही दुसरा, आयर्लंड. मानेच्या दुखापतीमुळे २०१५ मध्ये, २८ व्या वर्षीच त्याचं खेळणं थांबलं होतं. त्यानंतर मन्स्टर या क्लबमध्ये तीनेक वर्षं शिकवण्याचं काम, हाच मुख्य अनुभव. कुठल्या देशाच्या संघाचा तो कधी मुख्य कोच नव्हता.

मग निवडलं कशावरून? इरॅस्मस स्वतः २०१६-१७ मध्ये मन्स्टरमध्ये होते. बचावाचे कोच जॅक नीनाबरही तिथेच होते. दोघांनी जोन्सचं काम रोज डोळ्यांनी बघितलं होतं. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. वय बघितलं नाही, ओळखीचा म्हणून उपकारही केला नाही, हाताखालचं काम माहीत होतं. आणि अख्खा संघ काही त्याच्या हवाली केला नाही. काम ठरलेलं, सोबतीला नीनाबर, म्झ्वांडिले स्टिक अशी जुनी माणसं.

पहिलाच सामना न्यूझीलंडकडून १३-२३ असा हरले. तरी कोचमंडळी तीच राहिली. २ नोव्हेंबरला योकोहामात त्यांनी इंग्लंडला ३२-१२ असं हरवून विश्वचषक घेतला. सुरुवातीच्या गटात एक सामना हरूनही चषक जिंकणारा हा पहिलाच संघ.

आता हेही सांगायला हवं की हे एकट्या जोन्समुळे झालं नाही. तो यायच्या आधीच त्या संघानं त्या वर्षीची रग्बी चॅम्पियनशिप जिंकली होती. तयार घरात तो आला. २०२३ चा विश्वचषकही त्याच घरात राहून जिंकला. मग २०२४ मध्ये इंग्लंडनं त्याला बचावाचा कोच केलं, तर काही महिन्यांतच त्यानं राजीनामा दिला! तोवर तर नावावर दोन विश्वचषक होते, अनुभवाची कमी नव्हती. २०२५ मध्ये तो परत दक्षिण आफ्रिकेकडे गेला. म्हणून मला वाटतं, माणूस नीट निवडला की आपलं काम संपलं, असं नसतं. तो कोणासोबत काम करणार, हेही तेवढंच बघावं लागतं.

येत्या बैठकीत तिन्ही अर्ज पुन्हा काढू. वयाचा रकाना थोडा वेळ झाकून ठेवू या का? त्याऐवजी कोणत्या ताईनं कोणाचं काम प्रत्यक्ष बघितलंय, ते सांगा. लसीकरणाची नोंद कोण नीट ठेवते, आजारी शेळी कोणाला लवकर ओळखता येते, आपल्याला जमणार नाही तेव्हा डॉक्टरांना वेळेत फोन कोण करते. आणि जिची निवड होईल तिच्यासोबत पहिले तीन महिने घरोघरी कोणती जुनी पशुपालक ताई फिरेल, तिचं नाव त्याच ठरावात लिहू. सुमनताई असो की शांताबाई, आधी त्यांना विचारून या.