एका बटनाची घडण

महाविद्यालयाच्या संकेतस्थळाची पाने मी तयार करतो. इंग्रजी पानात मराठी उतारा आला की त्यास ‘एमआर’ ही भाषेची खूण लावावी लागते. डोळसांना ती दिसत नाही. पण पडदा वाचून दाखविणाऱ्या प्रोग्रामवर विसंबणारा माझा अंध वर्गमित्र तिच्यावाचून अडतो. हाताने लिहिताना एखादी खूण सुटेच. म्हणून तिचे बटनच करावयाचे ठरविले.

आमच्याकडे ड्रीमवीव्हर सीएस ६ (२०१२) आहे. त्याच्या ‘कॉन्फिगरेशन’मधील ‘टूलबार्स’ फोल्डरात ‘टूलबार्स डॉट एक्सएमएल’ ही फाइल असते. प्रथम तिची प्रत बाजूला ठेवावी. मग हव्या त्या पट्टीत ‘बटन’ हा टॅग घालून त्यास इतरांहून वेगळी ओळख, चित्र आणि हुकुमाच्या फाइलीचा पत्ता द्यावा.

खरी मेख हुकुमाच्या फाइलीत! ती एचटीएमएलची, आत जावास्क्रिप्ट. ‘रिसीव्हआर्ग्युमेंट्स’ हे फंक्शन बटन दाबताच काम करते, एवढे लगेच उमगले. ‘कॅनअ‍ॅक्सेप्टकमांड’ला मात्र मी फालतू समजून सदैव ‘होय’ म्हणावयास लावले. परिणामी काही न निवडता बटन दाबले तरी पानात रिकाम्या खुणा पडू लागल्या. आता ते मजकूर निवडला आहे का, हे आधी पाहते. नसल्यास बटन मंद होते. ही तपासणी केव्हा व्हावी, हे ‘अपडेट’मध्ये लिहितात, मी ‘ऑनसेलचेंज’ लिहिले, म्हणजे निवड बदलताच.

ड्रीमवीव्हर बंद करून पुन्हा उघडला, बटन हजर! मित्राने परवा पाने ऐकली. दोन उतारे अजून बिघडलेलेच निघाले. ते बटनापूर्वीचे, तसले आणखी किती, ते शोधतो आहे.