पन्नास भागिले चार

शाब्दिक उदाहरण समोर येताच पुष्कळ मुले त्यातील गोष्ट वाचीत नाहीत. ‘एकूण’ दिसले की बेरीज, ‘उरले’ दिसले की वजाबाकी. मीनाने मैत्रिणीला ५ चिंचोके दिले, तेव्हा तिच्याजवळ ८ उरले. आधी किती होते? पुष्कळांचे उत्तर ३ येते. त्यांना वजाबाकी उत्तम येते, गोष्ट मात्र कळलेली नसते.

यासाठी शिक्षकांनी ५० भागिले ४ एवढेच गणित घ्यावे. वसतिगृहातील ५० मुले, एका सतरंजीवर ४ मावतात. सतरंज्या १३ लागतील, कारण शेवटच्या दोघांना उभे ठेवता येत नाही. ५० रुपयांत ४ रुपयांच्या पेन्सिली मात्र १२च येतील. ५० भाकरी ४ पंगतींत सारख्या वाटल्या, तर प्रत्येकीस साडेबारा. भागाकार तोच, उत्तरे तीन! भास्कराचार्यांनीही ‘लीलावती’त (इ. स. ११५०) १५ भुंग्यांपैकी १४ फुलांवर बसविले आणि उरलेल्या एकाला केवडा व मालती यांच्या सुगंधात भिरभिरत ठेवले, त्या बाकीलाही त्यांनी गोष्ट दिली.

पुढे फळ्यावर नुसते आकडे लिहावेत व गोष्ट मुलांना रचू द्यावी. आरंभ ३० भागिले ७ पासून करावा. बाकी २ चे काय झाले, हे प्रत्येक गोष्टीत आलेच पाहिजे.