अपूर्ण दिवसांच्या बालकातील आंत्रकोथ आणि रक्तपरीक्षणातील निदर्शके

पूर्ण दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या बालकांत 'नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस' हा दारुण व्याधी आढळतो. आंत्राची अंतस्त्वचा अपक्व असल्याने तेथे शोथ होतो, पुढे कोथ उत्पन्न होतो व काही बालकांत आंत्र फुटते. याची चिकित्सा नवजात अतिदक्षता कक्षातच होते, ती आपली नव्हे. तथापि नांदेड-लातूर भागात अशी बालके वजन थोडे वाढताच घरी येतात आणि पोट फुगले की आजी प्रथम जवळच्या वैद्यांकडे किंवा औषध दुकानात येते. म्हणून हा विषय आपल्याशी संबंधित आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे चौतिसाव्या आठवड्यात जन्मलेले, दहा दिवसांचे बालक आणले गेले. घरी वरचे दूध सुरू केलेले, पोट ताठ, दूध ओकणे चालू. प्रयोगशाळेचा सीआरपी 'निगेटिव्ह' आला. आम्ही निर्धास्त झालो व उद्या दाखवा म्हणून सांगितले. रात्री हिरवी उलटी व मलात रक्त दिसले. सकाळी लातूरला नेले तेव्हा प्लेटलेट साठ हजारांवर उतरल्या होत्या. बालक वाचले, परंतु आंत्राचा मोठा भाग काढावा लागला. अहवाल खोटा नव्हता. आम्ही तो चुकीच्या वेळी वाचला.

सीआरपी यकृतात तयार होते आणि शोथ सुरू झाल्यानंतर रक्तात वाढण्यास त्यास साधारण बारा ते चोवीस तास लागतात. म्हणून प्रथम प्रहरीचा स्वाभाविक अहवाल व्याधी नाही असे सांगत नाही. उलट चिकित्सा चालू असतानाही ते सतत चढेच राहिले तर उपद्रवाची शंका घ्यावी. लॅटेक्स पद्धतीत केवळ 'आहे-नाही' एवढेच कळते, चढ-उतार कळत नाही. एककही पाहावे : एका डेसिलिटरमागे १ मिलिग्रॅम म्हणजे एका लिटरमागे १० मिलिग्रॅम. या गोंधळात दहापट चूक सहज होते.

तीव्रता ठरविण्यास प्लेटलेट अधिक उपयोगी, असे आमचे मत आहे. त्या वेगाने एक लाखाखाली घसरल्या तर आंत्रकोथाची शक्यता वाढते. जोडीला रक्तातील आम्लता व लॅक्टेट वाढणे, सोडियम व न्यूट्रोफिल घटणे ही चिन्हे पाहतात. बेल यांनी १९७८ मध्ये केलेल्या व वॉल्श-क्लीगमन यांनी १९८६ मध्ये सुधारलेल्या अवस्था-वर्गीकरणात लक्षणे व क्ष-किरण चित्र यांबरोबर आम्लता आणि प्लेटलेट यांनाही स्थान आहे. आंत्रपेशींतून थेट रक्तात व मूत्रात उतरणारे आय-एफएबीपी हे प्रथिन, तसेच इंटरल्यूकिन-८, यांवर बराच अभ्यास झाला आहे. परंतु नित्य व्यवहारात ती आलेली नाहीत. शिवाय सव्वा किलोच्या बालकात एकूण रक्तच शंभर-एकशेदहा मिलिलिटर असते. प्रत्येक परीक्षणाची किंमत ते बालक देते.

अर्थात एक आकडा नव्हे, आकड्यांची गती पाहावयाची. सुश्रुतांचा षट्क्रियाकाल शिकलेल्यांस हे नवीन वाटू नये. मात्र येथे स्थानसंश्रय ते भेद हा प्रवास कधी एका रात्रीत होतो. काश्यपसंहितेतील वेदनाध्याय न बोलणाऱ्या बालकाची वेदना चेष्टांवरून ओळखण्यास शिकवतो. स्तन सोडणे व उदर ताठरणे त्यात आले आहे. आंत्रकोथास एखादे ग्रंथोक्त नाव चिकटवून चिकित्सा आरंभण्यापेक्षा ही चिन्हे ओळखणे श्रेयस्कर.

ऑक्टोबर २०२३ च्या आरंभी नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती. औषध-तुटवड्याचे आरोप झाले; रुग्ण दुरून व अखेरच्या अवस्थेत येतात, असे प्रशासनाने सांगितले. वादात न शिरताही दुसरे विधान आपणास लागू पडते. किनवट-माहूरकडून विष्णुपुरीपर्यंतच्या वाटेतच कित्येक तास जातात. अहवालाची वाट पाहण्यात आणखी तास घालवू नयेत. १०८ वर कळवावे.

औषध दुकानदार बंधूंनी अपूर्ण दिवसांच्या बालकासाठी बाळघुटी, ग्राइप वॉटर किंवा पोटाचे थेंब मागितले असता प्रथम बालक किती आठवड्यांचे जन्मले ते विचारावे. मातेचे दूध हे या व्याधीविरुद्धचे सिद्ध संरक्षण आहे. १९९० च्या लूकस व कोल यांच्या अभ्यासात केवळ पावडरचे दूध घेणाऱ्यांत हा व्याधी केवळ मातृदुग्ध घेणाऱ्यांच्या सहा ते दहा पट आढळला होता. मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी सुरू झाली, ती अशाच बालकांचा विचार करून. जातकर्मातील मधु-घृत प्राशनाचा विधी अशा बालकात आम्ही करू देत नाही.

उदर ताणलेले, हिरवी उलटी किंवा मलात रक्त असल्यास तोंडाने काहीही न देता, बालक उबदार ठेवून पाठवावे. सोबतच्या चिठ्ठीत जन्माचे आठवडे, वजन, शेवटचे दूध कोणते व केव्हा, आधी कोणी काय पाजले, आणि प्रत्येक रक्तपरीक्षणाची वेळ एककासह लिहावी. दुसरा नमुना तेथे घेतला जाईल तेव्हा तुलनेस पहिला आकडा आपल्याच चिठ्ठीत सापडेल.