पाइप बदलताना मोटर जपा

युरेका फोर्ब्स १९८२ साली सुरू झाली आणि टाय लावलेले विक्रेते दारोदार फिरून सतरंजीतली धूळ काढून दाखवू लागले. त्या दिवसांत वडिलांनी घेतलेला युरोक्लीन व्हॅक्यूम क्लीनर आमच्या सावेडीच्या घरात अगदी परवापर्यंत चालत होता. नगरच्या उन्हाळ्यात खिडक्या कितीही लावून घ्या, संध्याकाळी पलंगावर मातीचा थर बसतोच. त्यामुळे हे मशीन माळ्यावर कधी गेलंच नाही.

दिवाळीच्या साफसफाईत त्याचा पाइप मुठीजवळ फाटला. इतक्या वर्षांत प्लास्टिक ताठरणारच. एका दुरुस्तीवाल्याने वॉशिंग मशीनचं पाणी सोडायचा पाइप त्याला जोडून दिला. मशीन सुरू झालं, आवाज मात्र नेहमीपेक्षा चढा, शिट्टीसारखा येत होता. गाद्या झाडता झाडता जळका वास सुटला. बटण बंद करेपर्यंत वाइंडिंग गेलं होतं.

त्या चढ्या आवाजाचा अर्थ सगळ्यांनी समजून घ्यावा, म्हणून हे लिहिते आहे. या जुन्या मशीनमध्ये ओढलेली हवा पिशवीतून गाळून मोटरीवरून जाते आणि मागून बाहेर पडते. मोटर थंड राहते ती त्याच हवेवर. पाइप हा मशीनचा श्वास आहे. आतला व्यास ३५ मिलिमीटरवरून २५ वर आला, तर हवेची वाट जवळजवळ निम्मी होते. पंख्याला ढकलायला हवाच उरत नाही, म्हणून मोटर मोकळी, जास्त वेगाने फिरते आणि आवाज चढतो. आपल्याला वाटतं जोर वाढला. प्रत्यक्षात मोटर तापत असते. पिशवी गच्च भरली किंवा पाइपात मोजा अडकला, तरी असाच आवाज येतो. ऐकू आला की आधी बटण बंद करा.

पाइप खरंच खराब आहे का, हेही आधी पाहा. मशीनच्या तोंडावर थेट तळहात धरा, मग पाइप लावून त्याच्या टोकावर धरा. तोंडाशी ओढ चांगली आणि टोकाशी ढिली असेल, तर पाइप कुठेतरी हवा खातोय. चीर बहुधा टोकाजवळच असते, कारण वाकतो तो तिथेच. अशा वेळी नवा पाइप लागत नाही. पुष्कळ पाइपांचं टोक आट्यांवर बसवलेलं असतं. आटे उलटेही असू शकतात, म्हणून पाइपावरच्या वळ्या कुठल्या दिशेने जातात ते बघून मगच फिरवा. चिरलेला भाग दोन वळ्यांच्या मधून धारदार पात्याने कापा. आत तार असेल तर ती पक्कडीने तोडून तिचं टोक आत वळवा, नाहीतर हाताला लागते. मग पाइपाचं टोक कोमट पाण्यात धरून मऊ करा आणि पुन्हा बसवा. पाइप थोडा आखूड होतो, एवढंच. इन्सुलेशन टेप गुंडाळून भागवू नका. एप्रिलच्या उन्हात तिचा डिंक सुटतो, ती सरकते आणि सगळी धूळ तिला चिकटते.

सगळा पाइपच कडक झाला असेल, तर नवा घेताना डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका. जुन्या टोकाभोवती कागदाची पट्टी गुंडाळून खूण करा आणि लांबी मोजून ३.१४ ने भागा. ११ सेंटिमीटर आली, तर बाहेरचा व्यास ३५ मिलिमीटर. पाइपाचा आतला व्यास मात्र पट्टी आडवी धरून वेगळा मोजा. तो जुन्याइतका हवा, कमी चालणार नाही. आतला व्यास बरोबर आहे पण टोक मशीनमध्ये बसत नाही, असं झालं तर नागापूर एमआयडीसीतल्या एखाद्या लेथवाल्याकडे दोन्ही तुकडे घेऊन जा आणि नायलॉनचा बुश करून मागा. बुशाचं भोकही पाइपाहून लहान नको, हे त्याला आवर्जून सांगा.

आणि जुना पाइप टाकून देताना त्याची दोन्ही टोकं काढून ठेवा. पाइप मीटरवर मिळू शकतो, पण त्या मशीनला बसणारी टोकं शोधून सापडत नाहीत.